बाभळीखालची खूण

मंडळी, हात जोडलेत ते जोडलेलेच राहू द्या, पण कान मोकळे सोडा! आज एकच प्रश्न घेऊन उभा आहे — चोर राहतो कुठे? चोरी करणाऱ्याच्या घरात, की संशय घेणाऱ्याच्या डोक्यात? बोला! नाही ना बोलत? मग ऐका.

माणदेशात एक गाव. तिथल्या शाळेत कुलथे गुरुजी इंग्रजी शिकवायचे. माणूस निर्व्यसनी, शिस्तीचा — पण संशयी! किती संशयी? घरी चहा जरा गोड लागला, तर बायकोला विचारायचे, आज कोण पाहुणे येऊन गेले? हसू नका! असा एक तुमच्याही घरात असतो. अहो मृदंगवाले, तुम्ही का खाली बघताय?

त्यांच्या वर्गात मायाक्का कोळेकर, धनगराची पोर. बाप मेंढरं घेऊन कोकणात उतरलेला, आई रोजगाराला. मग घरच्या शेळ्या राखायच्या कुणी? पोर शेळ्या घेऊनच शाळेत यायची! शेळ्या खिडकीबाहेर बाभळीखाली आणि ही आत बाकावर. गावात त्याचं कुणाला नवल नव्हतं.

त्या दिवसांत गुरुजींनी माणसाच्या स्वभावाचे इंग्रजी शब्द काढले होते. फळ्यावर रोज नवे. गुरुजी मराठीत विचारणार, पोरांनी इंग्रजीत लिहायचं. हावरट? पोरं पेन्सिली चावायची. मायाक्का खिडकीबाहेर बघायची आणि लिहायची — ग्रीडी. बरोबर! हट्टी? पुन्हा नजर बाहेर — स्टबर्न. बरोबर!

झालं! गुरुजींच्या मनात पाल चुकचुकली. बाहेर कोणीतरी खुणा करतंय! कुंपणामागे बघितलं, पाण्याच्या टाकीमागे बघितलं. शेवटी, मंडळी, त्या वयात, धोतर सावरत बाभळीवर चढले! वर कोण सापडणार? कावळासुद्धा नव्हता. संध्याकाळी बायकोनं पायातले काटे काढले. काटे निघाले, संशय काही निघाला नाही.

तालुक्याच्या शब्दस्पर्धेला शाळेतून एक मूल जाणार होतं. मायाक्काचा जीव त्यात अडकलेला — बाप परतला की त्याला सांगायचं होतं, मी तालुक्याला जाऊन आले म्हणून. निवडीच्या पेपराचा दिवस आला आणि गुरुजींनी काय केलं? खिडकी लावली, वर कडी घातली. पोर बंद खिडकीकडे बघत बसली. पेपर कोरा! गुरुजी भर वर्गात म्हणाले, चोरी उघडी पडली, आणि तिचं नाव काढून टाकलं. मायाक्कानं दप्तर उचललं आणि शेळ्या हाकत घरची वाट धरली. मंडळी, खोटा आळ भल्याभल्यांना पेलत नाही हो, ते तर लेकरू!

एवढ्यानं गुरुजींचं समाधान होतंय थोडंच? दिवस कलताना आईकडे तक्रार करायला ते वस्तीकडे निघाले. ओढ्याच्या वळणावर पोरीचा आवाज कानावर आला.

"ग्रीडी, दुसऱ्याच्या रानात तोंड घालू नगं. लेझी, ऊठ की गं बाई. स्टबर्न, चल म्हणते ना."

गुरुजींचे पाय जागीच थांबले. हा काय प्रकार, म्हणून त्यांनी विचारलं.

"शब्द ध्यानात ऱ्हात न्हाईत, गुर्जी. म्हणून जिचा जसा सोभाव, तसं तिला नाव दिलं. शेळी बगितली की शब्द आठवतो."

"मग दुपारी सांगितलं का नाहीस?"

"तुमी इचारलंच न्हाई."

घ्या! सगळीकडे शोधलं, झाडावर चढले, आणि समोरच्या लेकराला विचारायचं तेवढं राहिलं! गुरुजी ओशाळले. बोलायचं म्हणून बोलले, "परवा 'संशयी' शिकवला. ती शेळी कुठली?"

"त्यो मला येत न्हाई, गुर्जी. तसली शेळी आमच्यात न्हाई."

दुसऱ्या दिवशी गुरुजींनी खिडकी स्वतःच्या हातानं उघडली. भर वर्गात आळ घातला होता, भर वर्गातच माफी मागितली आणि मायाक्काला तालुक्याला घेऊन गेले.

तिथं मोठा हॉल, खिडक्या उंच, शेळी कुठली दिसायची? गुरुजी पुढच्याच रांगेत बसले. मनातला किडा तिथंही वळवळला — हिला शेळ्यांवाचून जमेल का? पण एकेक शब्द येत गेला. पोर डोळे मिटायची, बाभळ आठवायची आणि सांगायची. शेवटचा एक राहिला. तो सांगितला की पहिला नंबर! परीक्षकांनी विचारलं — संशयी.

पोरीनं डोळे मिटले. बाभळीखाली तसं कुणीच नाही! डोळे उघडले. छताकडे बघितलं, भिंतीकडे बघितलं. बघता बघता नजर पुढच्या रांगेवर आली आणि गुरुजींवर थांबली. चेहरा उजळला.

"सस्पिशियस."

टाळ्या पडल्या! गुरुजींनीही वाजवल्या, मान खाली घालून. डोळ्यांत पाणी होतं. लेकरू जिंकल्याचं किती आणि आपण कुठे उपयोगी पडलो त्याचं किती, ते त्यांचं त्यांना ठाऊक.

मंडळी, देवाचं नाव घ्या आणि सावकाश घरी जा. दारात तुमचं लेकरू उभं असेल. ते वर मान करून तुमच्याकडे बघेल. तेव्हा त्याला कुठला शब्द आठवेल?