ऐतिहासिक उतार

वारसा जतन कार्यालयाच्या बाकावर टायपिस्टबाई आपला नंबर येण्याची वाट बघत होत्या. शेजारी दोन म्हातारे, नात्याने साडू, मांडीवर फायली घेऊन बसले होते. बाईंची नजर खिडकीकडे होती, कान मात्र शेजारी.

"दादा, तुमची कसली हरकत आहे?"

"बिलियर्ड हॉलच्या दुरुस्तीला."

"अहो, चांगलं काम आहे की. कमानी, रंगीत काचा, सगळं पूर्वीसारखं होणार."

"काचा करू देत. पण खचलेली जमीनही सरळ करणार म्हणे. म्हणजे आपलं टेबल सपाट होणार."

"मग?"

"मग काय मग? टेबलाचा तो उतार ऐतिहासिक आहे. अंगवळणी पडायला माझी हयात गेली."

"म्हणून तर हॉलच्या स्पर्धेत एकवीस वर्षं तुम्ही पहिले."

"आणि तू दुसरा."

"बाहेरच्या स्पर्धेत मात्र पहिल्याच फेरीत गारद झालात."

"तिथलं टेबल सदोष होतं."

"काय दोष होता?"

"सपाट होतं."

"बरं."

"तू जमीन सरळ करा म्हणून अर्ज आणला असशील. जन्मभर त्या उताराच्या नावानं खडे फोडलेस."

"नाही. माझीही हरकतच आहे."

"तुझी?"

"एकवीस वर्षं घरी सांगतोय, उतारामुळे हरलो. उद्या सपाट टेबलावरही हरलो, तर तुमच्या मेहुणीला काय सांगू?"