आठवत नसलेला शेवट

स्वतःच्या शहाणपणाची एवढी लाज मला कधी वाटली नव्हती रे. परळची मनाली, माझी कॉलेजातली मैत्रीण. तिचा नवरा गेला आणि दोन वर्षांनी तिने धाकट्या दिराशी, सतीशशी लग्न केलं. त्या लग्नात मी पोटभर जेवलोय.

परवा तिच्याकडे गेलो, तर तिची पहिल्या नवऱ्यापासूनची आठ वर्षांची लेक सई सतीशला टेकून सिंहाच्या पिल्लाचं कार्टून बघत होती. माझ्यातला मास्तर लगेच जागा झाला.

“सई, हे एका जुन्या नाटकावरून घेतलंय बरं का! यांनी ते गोड केलंय. नाटकात काका राजाला मारतो आणि राणीशी लग्नच करतो!”

बोललो आणि मग कळलं, कुणाच्या घरात बोललो. सतीश टीव्हीकडेच बघत राहिला. मनाली चहाचे कप घेऊन दारातच थांबली.

सईने विचारलं, “मग शेवटी त्या आईचं काय होतं?”

ते नाटक मी वीस वर्षं शिकवतोय; शेवटी राणीही मरते. “आठवत नाही गं,” म्हणालो.

“मी वाचलंय ते,” सतीश शांतपणे म्हणाला. “शेवटी सगळे सुखात राहतात.”

सईने माझ्याकडे बघितलं. मी मान डोलावली.