रिळाची स्प्रिंग

राहुरीहून नगरला निघालेल्या एसटीत रेश्माच्या पुढच्याच सीटवर एक म्हातारं जोडपं बसलं होतं. म्हातारी खिडकीशी. म्हाताऱ्याच्या मांडीवर मासे धरायच्या गळाचं, घासून लख्ख केलेलं जुनं रीळ.

"झाका ते. रॉकेलचा वास मारतोय," म्हातारी म्हणाली.

"रॉकेलात भिजवल्याबिगर वर्सभराचा गंज सुटतो व्हय? ग्रीस बी भरलंय. फिरवून बघ छबू, कसं लोन्यावानी फिरतंय."

"मग नगरला कशाला?"

"स्प्रिंग गेली ना. तिच्याबिगर दोरा धरायची तार मिटत न्हाई. समदं खोलून चादरीवर मांडलं हुतं, तेवढीच गायब."

"उंदरानं नेली आसंल."

"उंदीर कनवटीला गाठ मारून बसलाय."

रेश्माने मोबाईल खाली ठेवला.

"कवा कळलं तुमाला?" म्हातारीने विचारलं.

"त्याच दिशी."

"मग घरीच का न्हाई मागितली?"

"घरी इषय काढला की तू उठून गोठ्यात जातीस. हितं कुठं जाशील?"

"मागच्या साली धरनावर पाय घसरला तुमचा. म्हैना म्हैना कंबर शेकली मी. परत जायाचंच हाय?"

"जायाचंय गं. घरात बसून जीव आंबतोय."

गाठ सुटायला बराच वेळ लागला.

"घ्या. पर एकटं न्हाई जायाचं. मी काठावर बसनार."

"तितं गप बसावं लागतं. बोललं की मासं पळत्यात."

"पळू द्या."