भिंतीपलीकडचे घोरणे बंद झाल्याबाबत

नाव: भगवान जोमा घरत, वय ५३ वर्षे, धंदा: नोकरी, राहणार: करंजाडे गावठाण, ता. पनवेल, जि. रायगड.

मी आज स्वतःच्या पायांनी पोलीस ठाण्यात येऊन, विचारल्यावरून सांगतो की, वरील पत्त्यावर मी पत्नी मनिषा हिच्यासह राहण्यास आहे. 'स्वतःच्या पायांनी' हे शब्द मी मुद्दाम लिहायला सांगितले आहेत, कारण काल दुपारपासून गावात माझ्याबद्दल वेगळेच बोलले जात आहे. मी जासईजवळच्या एका कंटेनर यार्डात फोर्कलिफ्ट चालवतो. सध्या रात्रपाळी असल्याने दिवसा झोपतो. नाकावर पट्टी व नाकपुड्यांत डॉक्टरांनी घातलेले बोळे असल्याने माझे बोलणे गेंगाणे येत आहे, तरी मी पूर्ण शुद्धीवर आहे.

आमचे घर वडिलांच्या वेळचे आहे. मधोमध भिंत घालून त्याचे दोन भाग केलेले आहेत. एकात मी राहतो. दुसऱ्यात माझा मोठा भाऊ काशिराम जोमा घरत, त्याची पत्नी व मुलगा निकेश राहतात. वाटणीवरून आमच्यात कधी वाद झालेला नाही. माझी मुलगी प्राजक्ता हिच्या लग्नापासून मात्र आम्हा भावांचे बोलणे बंद आहे. आमच्याकडे हळदीचे बोलावणे मोठ्या भावाच्या घरी सुपारी घेऊन स्वतः जाऊन द्यावे लागते. मी गेलो नाही. भिंतीपलीकडच्या सख्ख्या भावाला कसले बोलावणे, तो घरचाच, असे मला वाटले. बोलावल्याशिवाय जायचे कसे, असे त्याला वाटले. हळदीला सगळा गाव आमच्या दारात नाचला आणि भाऊ पलीकडे दार लावून बसून राहिला. तो आला नाही म्हणून मला राग आला, मी बोलावले नाही म्हणून त्याला राग आला, आणि आम्ही दोघे एकाच बापाचे असल्याने राग कोणाचाच उतरला नाही.

मला झोपेत घोरण्याची सवय आहे. ती लहान नाही. भिंतीपलीकडे आवाज जातो हे मला माहीत आहे, कारण येणेजाणे होते तेव्हा वहिनी सकाळी मला विचारायची, "भावजी, काल कुठला डोंगर फोरलात?" मी कधी वाईट वाटून घेतले नाही.

प्राजक्ता सासरी खांदा कॉलनीत राहते. तिला सातवा महिना चालू असून पहिल्या बाळंतपणाला ती आमच्याकडे येणार आहे. आमच्याकडे झोपण्यासारखी एकच खोली आहे. "पप्पा, तुमच्या त्या आवाजात बाळ झोपणार कसं?" असे म्हणून तिने मोबाईलवरून माझ्यासाठी नाकात घालायची एक वस्तू मागवली. ती वस्तू मी आज हजर करत आहे. ती सिलिकॉनची, पांढऱ्या रंगाची आहे. दोन पोकळ नळ्या असून त्या दोन नाकपुड्यांत बसतात व आतून नाक उघडे धरतात. दोन्ही नळ्यांना जोडणारी लहान कडी नाकाखाली राहते. डावी नळी आता चेपलेली आहे, ती आधी तशी नव्हती.

वस्तूबाबत माझी काही तक्रार नाही. पहिल्या रात्री शिंका आल्या व नाकातून पाणी वाहिले. मग सवय झाली. घोरणे सगळ्यांचे थांबते असे नाही, असे प्राजक्ताने सांगितले होते, पण माझे थांबले. दम मोकळा वाटू लागला. मनिषाला उलट झोप येईना. घर एवढे गप्प पडल्यावर ती घाबरायची आणि मला हलवून बघायची. मी "काय गं?" म्हटले की ती "काय नाही, झोपा" म्हणायची. तिने मला हलवून बघितले, हे इथे सांगणे मला गरजेचे वाटते. भिंतीपलीकडच्या माणसाला तशी सोय नव्हती.

काल दिनांकी मी रात्रपाळी करून सकाळी घरी आलो. प्राजक्ता येणार म्हणून खोलीला रंग द्यायचे काम चालू असल्याने मनिषाने मला पडवीत चटई टाकून दिली. शेजारी सुकट वाळत असल्याने माश्या होत्या, म्हणून मी पांढरी चादर गळ्यापर्यंत ओढून घेतली. नाकात वरील वस्तू घातली व झोपलो. दुपारी मनिषा दळण आणण्यासाठी गिरणीत गेली. रंगारी जेवायला गेले होते. दार उघडे होते.

त्या वेळी जासईची माझी आत्या गोदू ही आमच्या घरी आली. ती गावात एका हळदीसाठी आली होती व जाता जाता आम्हाला भेटणार होती. तिने मला पडवीत जमिनीवर, पांढऱ्या चादरीत, घोरण्याचा आवाज नसलेला असा पाहिला. दोन्ही नाकपुड्यांत पांढरे दिसत होते. आमच्यात मयताच्या नाकात कापूस घालतात. तिचा जो समज झाला तो कोणाचाही झाला असता.

हवालदार साहेबांनी मला विचारले की, तिने हात लावून का पाहिले नाही. त्यावर मी सांगतो की, मयताला हात लावला तर आंघोळ करावी लागते आणि हळदीच्या घरी जाता येत नाही. तिने नवे लुगडे नेसलेले होते. ती उंबऱ्याबाहेरच उभी राहिली व तिथूनच तिने रडायला सुरुवात केली. रडण्यात गोदूआत्याचा हात धरणारे आमच्या सगळ्या नातेवाइकांत कोणी नाही.

तिच्या आवाजाने मला जाग आली. गावात कोणीतरी गेले असे मला झोपेत वाटले व वाईटही वाटले. मग त्यात माझे नाव आले. माझ्या लहानपणापासूनचे गुण ती एकेक करून सांगत होती. आत्याने मला आयुष्यात कधी चांगले म्हटल्याचे आठवत नसल्याने मी थोडा वेळ ऐकत राहिलो. तेवढ्यात पुतण्या निकेश मागच्या बाजूने धावत आला. त्याने दारातूनच पाहिले व रडतच गावच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर 'आमचे काका भगवानशेठ यांचे दुःखद निधन' असे टाकले. सोबत माझा गणपतीतला फोटो टाकला. फोटो त्याने चांगला निवडला होता. त्यावरून संध्याकाळी यार्डातून माझ्या जागी रात्रपाळीला दुसरा माणूस लावल्याचाही निरोप आला.

मी उठणार होतो, हे खरे आहे. डोळे उघडून बसायचे एवढेच काम होते. तेवढ्यात अंगणात भावाची चप्पल वाजली. त्याची चाल मी ओळखतो. लग्नानंतर तो माझ्या अंगणात पहिल्यांदा येत होता. मी डोळे उघडले नाहीत.

भाऊ थेट पडवीत आला. आत्या त्याला "हात नको लावू, आधी आंघोल करावी लागंल" असे काहीतरी म्हणत होती, ते त्याने ऐकले नाही. तो माझ्या उशाशी बसला. त्याच्या हातात तांब्याचा तांब्या होता व त्यात तुळशीचे पान टाकलेले पाणी होते. मोठ्या भावाने तोंडात पाणी घालायची आमची पद्धत आहे. त्याने माझे डोके मांडीवर घेतले व पुढीलप्रमाणे बोलला:

"उठ रं भगवान. बग, मी आलो. बोलावना नाय आला तरी आलो. तुजा आवाज बंद झाला तवाच मला कलायला पायजे होता. रोज रातचा भिंतीला कान लावून पडतो मी. बायकोला बोललो, भगवानला काय झालाय बग जरा. ती बोलली, तुमीच जा. मी नाय आलो. मी नाय आलो रं."

हे शब्द मी जसेच्या तसे सांगितले आहेत. ते तसेच लिहावेत. हवालदार साहेबांनी शुद्ध भाषेत लिहू का, असे विचारले. मी नको म्हणालो.

मला विचारण्यात आले की, मी जागा असताना तेव्हाही डोळे का उघडले नाहीत. त्यावर मी सांगतो की, मला लाज वाटली. आणि त्याने आणखी बोलावे असेही वाटले. आमचे वडील गेल्यापासून माझे डोके कोणी मांडीवर घेतलेले नाही.

त्यानंतर भावाने माझ्या तोंडात पाणी घातले. मला ते गिळावे लागले. माझा घसा हललेला त्याने पाहिला. मी डोळे उघडले. आम्ही एकमेकांकडे बघितले. तो माझे डोके मांडीवरून खाली टाकून उभा राहिला व "नाटक? मला आनायला नाटक केलास?" असे म्हणून त्याने हातातला तांब्या माझ्या तोंडावर मारला. तो नाकावर बसला. नाकातली वस्तू तोपर्यंत जागेवरच होती. रक्त आले. आत्या "उठला, उठला" असे ओरडत हळदीच्या घराकडे पळाली. तिच्या तब्येतीला काही झालेले नाही. रात्री ती हळदीत नाचली असे समजते.

मी नाटक केलेले नाही. झोप खरी होती. शेवटची थोडीशी खरी नव्हती, आणि तेवढ्याचाच मार मला बसला, असे मी समजतो.

निकेशने मोटारसायकल काढली. मला मध्ये बसवून भाऊ मागे बसला. त्याने स्वतःच्या खांद्यावरचा टॉवेल माझ्या नाकाला दाबून धरला. पनवेलच्या दवाखान्यात येईपर्यंत त्याने तो सोडला नाही. माझ्या मानेवर त्याचा श्वास लागत होता, त्यावरून तो रडत असावा असे मला वाटले, परंतु मागे वळून मी पाहिलेले नाही. डॉक्टरांनी कसे लागले, असे विचारले. मी पडलो असे सांगितले. भाऊ म्हणाला, "परला नाय. मी मारला." त्यावरून दवाखान्यातून पोलिसांना कळवण्यात आले.

माझ्या नाकाचे हाड मोडलेले आहे. हाड मोडल्यास तो गंभीर दुखापतीचा गुन्हा होतो, असे हवालदार साहेबांनी मला समजावून सांगितले आहे. माझे त्यावर असे म्हणणे आहे की, माझी भावाविरुद्ध कोणतीही तक्रार नाही, पुढेही राहणार नाही, व त्याच्यावर गुन्हा दाखल करू नये. तो सकाळपासून बाहेर बाकावर बसला आहे. मनिषाने दिलेला चहा त्याने घेतला नाही. आयुष्यात त्याने पोलीस ठाण्याची पायरी चढलेली नव्हती. त्याला तिथे बसलेला मला बघवत नाही, हेही लिहावे.

गोदूआत्या व निकेश यांच्याविरुद्धही माझी तक्रार नाही. निकेशने ग्रुपवर झालेल्या चुकीबद्दल दुरुस्ती टाकलेली आहे. तरीही दोन माणसे आज सकाळी हार घेऊन आली. मनिषाने ते देवाला घातले.

आणखी एक गोष्ट मला या जबाबात नोंदवायची आहे. येत्या रविवारी प्राजक्ताचे ओटीभरण आहे. त्याचे बोलावणे मी माझा मोठा भाऊ काशिराम यास, त्याच्या पत्नीसह व मुलासह, पोलीस ठाण्यात, साहेबांच्या समक्ष देत आहे. मुलीची पहिली ओटी तिच्या मोठ्या काकूने भरायची आहे. माझ्याकडे या क्षणी सुपारी नाही. हवालदार साहेबांचे म्हणणे पडले की, जबाबात बोलावणी लिहीत नाहीत. मी म्हणालो, मग मी असे सांगितले एवढे लिहा, म्हणजे बोलावले नव्हते असे पुढे कोणाला म्हणता येणार नाही. त्यावरून त्यांनी लिहून घेतले, आणि टेबलावरच्या डबीतली स्वतःची सुपारी काढून दिली.

माझ्या दोन्ही डोळ्यांखाली सूज असल्याने मला अक्षर लागत नाही. जबाब मला भावाने वाचून दाखवावा, अशी मी विनंती केली. हवालदार साहेब म्हणाले, "अहो, ज्यानं मारलं त्यालाच वाचायला सांगता?" मी हो म्हणालो. त्यांनी भावाला आत बोलावून खुर्ची दिली. भावाने पहिल्या ओळीपासून मोठ्याने वाचले. पडवीतले त्याचे स्वतःचे शब्द आले तिथे तो थांबला व त्याची चाल मी खरेच ओळखली होती का, असे त्याने मला विचारले. मी म्हणालो, "तुजी चप्पल वाजली तवाच." त्याने मान हलवली व पुढे वाचू लागला. ओटीभरणापर्यंत आल्यावर त्याला वाचता येईना. उरलेले हवालदार साहेबांनी वाचले. ते वाचत असताना मी सुपारी भावाच्या हातावर ठेवली. त्याने मूठ मिटली. मग जेवण किती माणसांचे सांगितले आहे, असे त्याने विचारले. मी आकडा सांगितला.

तो म्हणाला, "कमी परल."

माझा जबाब मी शेवटपर्यंत ऐकला. मी सांगितले तसाच तो उतरला आहे, म्हणून खाली सही करत आहे.

(सही) भगवान जोमा घरत

समक्ष: (सही) काशिराम जोमा घरत