आप्पांचं लिनक्स आन् माझं दुकान

आप्पांना निरोप द्यायला जमलेल्या समद्यांनो, आन् काकू तुम्ही बी, बोलायला उभी राहिले खरी, पण माईक पहिल्यांदाच धरलाय. सांभाळून घ्या.

मी सुमन. इथं मांडवगणात माझं झेरॉक्सचं आन् ऑनलाइन फॉर्म भरायचं दुकान हाय. आप्पा कंपनीतनं रिटायर होऊन गावी आले आन् पहिल्याच आठवड्यात दुकानात शिरले. माझा जुना कॉम्प्युटर चालू व्हायला चहा उकळंपर्यंत वेळ घ्यायचा. आप्पा म्हणले, "याच्यात लिनक्स टाकू."

"ते काय असतं?"

"कॉम्प्युटर चालवणारी दुसरी सिस्टीम. हलकी."

"आप्पा, ते इंजिनियर लोकांचं. मला जमंल व्हय?"

"मोबाईल जमला ना?"

टाकलं. पळायलाच लागला की कॉम्प्युटर!

पण आप्पांना नव्याचा लई सोस. दर सहा महिन्यांनी नवी आवृत्ती यायची, आन् आली की आप्पा दारात हजर. "अपग्रेड करू." कवा आवाज जायचा, कवा मराठी टायपिंग जायचं. मी चिडायची, ते हसायचे. काकू, तुमच्या घरी बी आप्पांचं हेच व्हतं ना?

मग त्यो दिवस आला. अकरावीच्या प्रवेशाची शेवटची तारीख. सकाळीच आप्पांनी अपग्रेड केलं आन् स्क्रीन काळी पडली. दारात सात पोरी, हातात कागदं. मी समद्यांदेखत बोलले, "आप्पा, तुमच्या हौसेपायी पोरींचं वर्ष जाईल!"

आप्पांनी त्यांची पिकअप काढली. मला पुढं बसवलं, पोरींना मागं, आन् थेट दौंड. ओळखीच्या माणसाच्या दुकानात साती फॉर्म भरले. पाच वाजायच्या आत! येताना भेळ खाऊ घातली. पोरी गाणी म्हणत घरी आल्या. त्यातली शीतल ती बघा, तिथं बसलीय. नर्सिंगच्या शेवटच्या वर्षाला हाय.

दुसऱ्या दिवशी आप्पा आले. म्हणले, "सुमन, चूक लिनक्सची न्हाई, माझी. मला रोज नवं लागतं. तुला रोज चालणारं लागतं." मग पाच वर्षं बदलायची गरज न्हाई अशी आवृत्ती टाकली. बारक्या दुरुस्त्या तेवढ्या यायच्या. नवं काय आलं की आधी त्यांच्या घरच्या कॉम्प्युटरवर. म्हणून त्यांचा कायम बिघडलेला आन् माझा कायम चालू!

यंदा ती पाच वर्षं सरली. तवा आप्पा अंथरुणाला खिळलेले. मी कॉम्प्युटर, प्रिंटर रिक्षात घालून त्यांच्या खाटेपाशी नेला. म्हणलं, "तुम्ही करा." त्यांनी दोन्ही हात चादरीत घातले. "तू कर. आधी फाईली पेनड्राइव्हवर घे."

मी एकेक बटन दाबत गेले. बऱ्याच वेळानं स्क्रीन उजळली. मराठी उमटली. प्रिंट निघाली. मी उडीच मारली! आप्पांनी आतल्या खोलीकडं हाक मारली, "अगं, चहा टाक! हिला आता माझी गरज न्हाई." आन् इतकं हसले, इतकं हसले, की ठसका लागला.

लोक इचारतात, लिनक्स साध्या माणसाला जमतं का? जमतं. नव्याच्या मागं धावू नका, एवढंच. आन् सुरवातीला शेजारी बसणारं कुणीतरी लागतं. कुणाला शिकायचं असंल तर उद्यापासून माझ्या दुकानात या. मी बसते शेजारी.

आता समदे उभं राहू. एक मिनिट शांत राहू. त्यात आप्पा आठवून कुणाला हसू आलं, तर दाबू नका.

आप्पा, तुमच्या पाया पडते.