हार्लनचा कंप्युटर

डेटनच्या दुरुस्तीच्या दुकानात मार्लीस रांगेत होती. पुढच्या आजी काउंटरवरच्या माणसाला लॅपटॉप दाखवत होत्या.

"नवा घेतला, तर इंटरनेटवरनं विकत घेतलेली गाणीच उघडेनात."

"ती तीनच कंप्युटरवर वाजतात, आजी. आधीचे कुठले?"

"माझा जुना, तो भंगारात गेला. मुलीचा. आणि शेजारच्या हार्लनचा."

"नाव ज्या-त्या कंप्युटरवरूनच काढता येतं, भंगारातल्याचं आता निघायचं नाही. हार्लनना सांगा, तुमचा कंप्युटर त्या तिघांच्या यादीतून काढा म्हणून."

"कसं सांगू? बायको गेल्यापासून तीच गाणी लावून बसतो. राहू दे, मी रेडिओ ऐकेन."

"थांबा. यादीत दोनच दिसतायत. हार्लननी आपला मंगळवारीच काढलाय."

"मंगळवारीच मी त्याच्यापुढे रडगाणं गायले होते. मेल्यानं अवाक्षर काढलं नाही."

"मग हा नवा यादीत घालतो. लावून बघू?"

"इथं नको. त्याच्या व्हरांड्यात नेऊन लावते."