शामरावकाकाच्या वांग्यांचा खुराक

जमलेल्या सगळ्यांले जयभीम, नमस्कार. माईक मले देऊ नका म्हटलं होतं, तरी दिला. आवाज बसला तर सांभाळून घ्या जी. माझी शाळा नववीपर्यंत. मग सुरत, मग हैदराबाद, तिथं एका सर्कशीत... ते जाऊ द्या. आज शामरावकाकावर बोलायचं आहे.

काकाचं गाव गोसीखुर्द धरणाच्या पाण्यात गेलं. ते इथं आले, तवा लोक म्हणत, धानाच्या मुलखात हा माणूस वांगे-टमाटर कायले लावून राहिला? काकानं लावले. थंडीच्या कडाक्यात आमचे टमाटर माना टाकत, काकाचे उभे राहत. काहून? मच्छीच्या पाण्यामुळं.

मच्छीची डोकी, आतडी आणि तेवढाच गूळ. झाकून महिनाभर सावलीत ठेवायचं, मग गाळून पंपात दोन झाकणं टाकून मारायचं. मच्छी मी आणत होतो, गाडीले डबा बांधून. वास असा की टपरीवाला म्हणे, "चहा देतो, पण रस्त्याच्या पलीकडं जाऊन पी." काकी दारातूनच काकाले हाक मारत, "या, तुमचा अत्तरवाला आला!"

मागच्या हिवाळ्यात मीही टमाटर लावले. काकाकडून मच्छीचं पाणी मागून आणलं आणि ठेवून दिलं. दवा आहे ना, लागेल तवा मारू. मग थंडी पडली. पानं उकडल्यासारखी काळी झाली. मी पंप उचलला, दोनच्या जागी सहा झाकणं टाकली. काका बांधावर येऊन उभे राहिले.

"काय मारून राहिलास?"

"दवा."

"ही दवा कोणं म्हटली तुले? दुखणं आल्यावर घेतात ती दवा. हा खुराक आहे, लेका. थंडी यायच्या आधी द्यायचा. याच्यानं थंडी थांबत नाही, झाडाले सोसायची ताकद येते. तू तर पाहुणा जेवून गेल्यावर चूल पेटवली."

मी मान खाली घातली. बाजाराच्या दिवशी काकानं स्वतःचे टमाटर माझ्या टोपल्यात ओतले. म्हणाले, "रिकाम्या हातानं तुमसरले जाशील तर लोक हसतील." असा माणूस. सांगा, असा माणूस कुठं भेटते?

आता जे सांगतो, ते काकीसमोर सांगायचं आहे.

यंदा काकाले दम लागत होता. पंप उचलवत नव्हता. मले बोलावून म्हणाले, "थंडीच्या आधी वांग्यांले एक फवारा मारून दे. तेवढं केलं की मी निवांत." मी हो म्हटलं. रस्त्यात एक दोस्त भेटला, म्हणे चल, नाटक आहे. मी गेलो. एका नाटकाच्या मागं तीन गावं झाले. परत आलो तवा काकाच्या अंगणात माणसं बसली होती.

काकी, मी फवारा मारला नव्हता. काकाले वाटत होतं, मारला. त्यांनी विचारलं असन, "पोरगा आला का?" काय सांगितलं तुम्ही? मले विचारायची हिंमत नाही.

काल सकाळपासून मारून राहिलो. एकट्यानं वांग्यांची अर्धी वाडी झाली. मोबाईलवर दाखवते, परवापासून थंडी वाढणार. म्हणजे आज आणि उद्या, एवढाच वेळ आहे. काकीचा सगळा हिवाळा त्या वांग्यांवर आहे.

काकी, वांगे निघेपर्यंत मी कुठं जात नाही. माझ्या शब्दावर विश्वास ठेवा म्हणत नाही. रोज पाहा.

आता सगळे उभे राहू. घटकाभर कोणी बोलू नका, मीही बोलत नाही. आणि मग ज्याच्या घरी पंप आहे, त्यानं पंप घेऊन वाडीवर यावं. ऊन कललं की सुरू करू.

काका, आम्ही येऊन राहिलो.